पाटी लेनार्टच्या दारावर

रात्रभर पडलेला बर्फ सकाळपर्यंत पायऱ्यांवर घट्ट बसला होता. अशा सकाळी जर्मनीतल्या आमच्या रॉइटलिंगन गावात उजाडायच्या आधीच फावड्यांची खरखर सुरू होते. ज्याच्या दारावर 'झाडण्याची पाळी' लिहिलेली पाटी टांगलेली, त्याची आठवडाभर पायऱ्यांची आणि फुटपाथची पाळी. पुढच्या सोमवारी पाटी शेजाऱ्याच्या दारावर. सगळी गल्ली खरवडत होती आणि आमच्या इमारतीपुढे चिडीचूप. पाटी लेनार्ट हेगेलेच्या दारावर होती.

हा लेनार्ट म्हणजे चोवीस वर्षांचं पोरगं. मोबाईलपुढे उभं राहून जगाला अर्थशास्त्र शिकवतं. महागाई समजावताना पाव चावतो, व्याजदर आला की चष्मा काढतो. चष्म्याला नंबर नाही, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक. लाखभर लोक त्याला बघतात म्हणे; त्यातले निम्मे तरी त्याचे केस बघत असावेत.

तळमजल्यावरची बंद पडलेली बेकरी त्याला स्टुडिओ करायला हवी होती. घरमालकीण श्टाइमलेबाई त्याच दिवशी नऊला किल्ली घेऊन येणार होत्या. या शहाण्याने 'आपला नवा स्टुडिओ' म्हणून आधीच जगभर दवंडी पिटलेली.

मी जिन्यातून हाक मारली, "लेनार्ट, पायऱ्या!"

"काका, झाडू मारणं माणसाला गरीब ठेवतं. बाहेरून माणूस बोलावणार आहे मी."

"मग कुठाय तो?"

"बर्फामुळे सगळे आज तिप्पट मागतायत. मागणी ओसरू दे, भाव आपोआप उतरेल. घाबरून खरेदी करणारा बुडतो."

"अरे, तो बर्फ आहे, शेअर नाही!"

"तुम्हाला नाही कळायचं," म्हणत त्याने दार लावलं. आतून 'नमस्कार मित्रांनो' ऐकू आलं. भाव काही उतरला नाही. लोकांच्या पायांखाली दबून बर्फाची मात्र काच झाली.

नऊला श्टाइमलेबाई काठी टेकत आल्या आणि पहिल्या पायरीपाशीच थांबल्या. वर बघत राहिल्या. लेनार्टने खिडकी उघडली.

"या ना वर, श्टाइमलेबाई! कॉफी ठेवलीय!"

"वर? कशी येऊ रं? पंख लावून?"

"माणूस बोलावतोय मी, येईलच..."

"पाटी कुनाच्या दारावर हाय?"

गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलले.

"माझ्या."

"मग मानूस तूच की."

"ऐका ना, माझ्या एका तासाची किंमत जर काढली..."

"काढ की. मी हितंच उभी हाय. माझीबी काढ."

लेनार्ट पांढरे बूट घालून खाली आला. म्हणजे निम्म्या पायऱ्या चालत, उरलेल्या बसून. फावडं त्याच्याकडे नव्हतंच. माझंच दिलं. हातात येताच त्याने दुसऱ्या हाताने मोबाईल वर धरला.

"मित्रांनो, आज आपण श्रमाचं मूल्य..."

श्टाइमलेबाईंनी खिशातली किल्ली काढली, त्याला नीट दिसेल अशी धरली आणि पुन्हा खिशात टाकली.

"दुकानापुढचा फुटपाथ कोन राखनार? तुझे लाख मित्र?"

"मी राखीन ना, बाई! आजपासून!"

"पाटी फिरून परत तुझ्या दारावर येऊ दे. तवा बघीन, मग बोलू."

"पण मी सगळ्यांना सांगून बसलोय..."

"त्यो कोपरा राहिला बघ."

लेनार्टने मोबाईल खिशात घातला आणि कोपरा खरवडायला वाकला. फावडं उलटं धरलं होतं.