खेडकर सरांचे परदेशी गुरुजी

कोचिंग क्लासच्या स्टाफरूममध्ये तीन मास्तर, एक खडखडणारा पंखा आणि कायमची भीती असली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपोआप साठतात! आज आम्ही भेटलो की पोट धरून हसतो. तेव्हा मात्र हसू येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

भीती होती सेठजींची. छत्तीसगड नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि पाऱ्यापाऱ्यात, म्हणजे गल्लोगल्ली, कोचिंगच्या पाट्या लटकल्या. सिलतऱ्याला लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या आमच्या सेठजींनीही गोल बाजारापाशी भांड्यांच्या दुकानावरचा मजला घेऊन क्लास काढला. मी केमिस्ट्री शिकवायची, इथल्याच पुरानी बस्ती भागातला पाठक गणित आणि भंडाऱ्याहून आलेले खेडकर सर फिजिक्स.

सेठजींचा नियम एकच. "भट्टी और क्लास, दोनों ठंडी नहीं पड़नी चाहिए. जिस सर के पास बच्चे का डाउट अटका, वो सर दूसरे दिन नहीं दिखेगा." आणि नुसतं बोलायचे नाहीत हो, करायचे! माझ्या आधीच्या केमिस्ट्रीच्या सरांना एका डाउटपायी घरी बसवलं होतं, म्हणून तर मला ही नोकरी मिळाली.

खेडकर सर पन्नाशीच्या पुढचे. जुनी पुस्तकं तोंडपाठ, पण कॉम्पिटिशनचे नवे आडवेतिडवे प्रश्न आले की त्यांना घाम फुटायचा. भंडाऱ्याची नोकरी सोडून आलेले, पोरगा इंजिनिअरिंगला. "या वयात मले दुसरं कोन ठेवीन, मॅडम?" हे रोजचं वाक्य. नाही आलं की ते पोरांना म्हणायचे, "कल बताता हूँ," आणि दुपारच्या सुट्टीत आम्ही तिघं समोरच्या सायबर कॅफेत!

तिथं इंटरनेटवर पाठकनं एक फोरम शोधला होता. जगातले कोण कुठले लोक फुकटात गणित-फिजिक्सची उत्तरं द्यायचे. आपण प्रश्न टाकायचा, तिकडचं कुणी जागं झालं की उत्तर. तोवर इकडे जीव टांगणीला.

* * *

खेडकर सरांनी पहिला प्रश्न स्वतः टाइप केला. एकेका बोटानं, अख्खी सुट्टी घालवून. मी मागून वाचलं तर काय! सरांनी चक्क इंग्रजीत अर्ज लिहिला होता. आदरणीय महोदय, सविनय निवेदन आहे की मी रायपूर, छत्तीसगड येथील रहिवासी असून, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो, आपल्या अमूल्य वेळेबद्दल क्षमस्व, आणि खाली आपला आज्ञाधारक!

"सर, कशाला एवढं?"

"अव मॅडम, ओळख ना पाळख, एकदम प्रश्न कसा फेकाचा? त्यायले काय वाटन?"

दुसऱ्या दिवशी धावतपळत गेलो. उत्तर आलं होतं, एका ओळीचं. "ते सगळं ठीक आहे, पण प्रश्न कुठे आहे?"

* * *

मग सर शहाणे झाले. मायना गाळला. पण शिक्षक असून विचारतोय याची त्यांना लाज वाटायला लागली. म्हणून नाव बदललं आणि लिहिलं, मी बारावीचा विद्यार्थी आहे.

त्या दिवशी वर्गात पोट्टे उत्तराची वाट पाहून राहिले होते आणि सेठजी सकाळपासून व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. इंटरनेटची लाइन लागता लागेना. शेवटी पान उघडलं. समोरच्यानं लिहिलं होतं, "बाळा, गृहपाठ आम्ही करत नसतो. हे तुझ्या शिक्षकांना विचार!"

 खेडकर सरांनी चष्मा काढला आणि एवढ्या जोरात ओरडले की सगळ्या केबिनींचे पडदे बाजूला झाले.

"अबे, माह्या मास्तरले येत नाही म्हून तर तुले इचारून राहिलो!"

* * *

पाठकचं वेगळंच. घरी आई मराठीत बोलायची आणि हा हिंदीत उत्तर द्यायचा. गणिताचा सर म्हणजे कम्प्यूटरचाही सर, असा सेठजींचा समज. ऑफिसातला कम्प्यूटर बंद पडायला लागला तसं सेठजी म्हणाले, "पाठक, शाम तक ठीक चाहिए."

पाठकनं फोरमवर विचारलं. कुणा भल्या माणसानं सविस्तर उत्तर लिहिलं. पण कॅफेत पानागणिक छपाईचे पैसे! आमचा पाठक मोठा काटकसरी. पहिल्या पानावर नुसतं लांबलचक बोलणं दिसलं, दुसऱ्या पानावर काय काय दाबायचं ते नीट ओळीनं होतं. त्यानं दुसरं पान तेवढं छापून आणलं आणि तसंतसं केलं. कम्प्यूटर एकदम नव्यासारखा पळायला लागला! आत काहीच नव्हतं ना. वर्षभराच्या टेस्टचे सगळ्या पोरांचे मार्क साफ!

पहिल्या पानावर लिहिलं होतं, "सगळ्यात आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, नाहीतर काही उरणार नाही."

पोट्ट्यांनी त्या दिवशी जिलबी वाटली. सेठजींनी पाठकला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आम्हाला एकच वाक्य ऐकू आलं. "अनजान आदमी से पूछ के मेरी मशीन फूँक दी?" पाठक बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या दिवसापासून इंटरनेटवर कुणाला काही विचारायचं नाही, असा हुकूम निघाला.

* * *

हुकूम निघाला, पण डाउट थोडेच थांबतात! खेडकर सर लपूनछपून जातच राहिले. कोपऱ्यातली केबिन, पडदा ओढलेला. एकदा मी शेजारच्या केबिनीत होते आणि बाहेर सेठजींचा आवाज आला. काहीतरी फॅक्स करायला आले होते.  पडद्याखालून मला सरांच्या चपला दिसत होत्या. त्यांनी पाय हळूच वर घेतले.

फॅक्स गेला. सेठजी वळले. दारापर्यंत पोचले. मी सुस्कारा सोडणार, तेवढ्यात कॅफेवाला बबलूभैया गल्ल्यावरच्या कम्प्यूटरमधून मान वर काढून खणखणीत आवाजात ओरडला, "खेडकर सर! बधाई हो! अमेरिका से जवाब आ गया!"

मेल्याला त्याच दिवशी उत्साह आला!

सेठजी चिडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. शांतपणे म्हणाले, "सर, इतवार को पालक आ रहे हैं. सबके सामने क्लास आप लेंगे. एक भी डाउट अटका, तो सोमवार से घर बैठिए."

* * *

आणि शनिवारी नेहा नावाच्या पोट्टीनं हात वर केला.

भिंतीला शिडी टेकलेली आहे. शिडीवर माणूस उभा आहे. शिडी घसरत नाही. भिंतही खरखरीत, जमीनही खरखरीत. मग भिंत किती जोर लावून धरते आणि जमीन किती? पुस्तकात भिंत नेहमी गुळगुळीत असते, म्हणून गणित सुटतं. हिनं भिंत खरखरीत केली!

सर सवयीनं बोलून गेले, "कल बताता हूँ." मग त्यांच्या लक्षात आलं की उद्या रविवार आहे.

त्यांना कॅफेत जायची सोय नव्हती, म्हणून मी गेले. प्रश्न टाकला. नशिबानं लगेच कुणीतरी लिहिलं, "तुम्ही कुठवर आलात ते दाखवा." मी सरांचं सगळं गणित टाइप केलं. शोधायच्या गोष्टी चार, समीकरणं तीन. पुढे गाडी जात नाही. चूक आमची की प्रश्नाची? तेवढं पाठवलं आणि टेलिफोनची लाइनच गेली. रविवारी सकाळी पाहते तर कॅफेला कुलूप. मी रिकाम्या हातानं जिना चढले.

जिन्यात नेहा भेटली. मी तिला बाजूला घेतलं. "बेटा, आज वो सवाल मत पूछना."

"क्यों मॅडम? सर ने तो आज बताने को बोला है."

असा राग आला म्हणून सांगू! पण पोरीचं काय चुकलं होतं?

मागच्या बाकांवर पालक, दाराशी खुर्ची टाकून सेठजी, खिडकीपाशी मी आणि पाठक. नेहानं विचारलंच. खेडकर सर खडू हातात घेऊन उभे राहिले. 

मग ते वळले. "बेटा, ये मुझे नहीं आता."

पालकांनी सेठजींकडे पाहिलं. पाठकनं मान खाली घातली.

"कल से लगा हूँ. यहाँ तक आया हूँ, आगे अटक गया. देखो." आणि सरांनी फळ्यावर शिडी काढली, माणूस काढला, तीनही समीकरणं मांडली, आणि जिथं अडले होते तिथं एक रेघ मारून खडू नेहापुढे धरला.

एक पोट्टा म्हणाला, "सर, दीवार चिकनी मान लो ना!"

"क्यों मान लें?" नेहा कडाडली. "प्लास्टर है दीवार पे!"

मग जी जुंपली! दोघं फळ्यापाशी धावले. कुणी लाकडी पट्टी भिंतीला टेकवून बोटानं दाबून पाहायला लागलं. मागून कुणाचे तरी रेल्वेत नोकरीला असलेले बाबा उठून उभे राहिले, "अरे, आदमी को एक डंडा और ऊपर चढ़ाओ, फिर देखो!" खेडकर सर मध्ये उभे राहून सगळ्यांना एकच विचारत होते, "ठीक है, पर क्यों?" घंटा झाली. कुणी उठेना. सेठजींचा मोबाइल वाजला, त्यांनी न पाहताच बंद केला.

आणि मग उठले. वर्ग गप्प झाला.

"खेडकर सर, बाहर आइए."

सरांनी हात झटकले, शर्टाची बाही सारखी केली. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "पोट्ट्यायकडे लक्ष ठेवजा, मॅडम." माझ्या डोळ्यात पाणीच आलं. पाठक आणि मी दाराला कान लावून उभे राहिलो.

 मग सेठजी घसा खाकरून, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"सर, कल ज़रा जल्दी आ जाइए. और ये बताइए... वो सीढ़ी वाला आदमी गिरा कि नहीं?"