पौषात हललेलं बिऱ्हाड

वडिलांची पांढुर्ण्याहून सौंसरला बदली झाली ती ऐंशीच्या दशकातल्या एका पौषात. त्यांनी एकट्याने जाऊन हजर व्हावं, माघ लागला की आम्हाला न्यावं, असं आईचं म्हणणं. तिला दमा होता आणि थंडी कडक होती. पण तिची खरी धास्ती वेगळीच होती.

"पौषात कोणी घर नाही हालवत," ती म्हणाली. "लोक इचारतीन."

"इचारू दे. आपण मानतो का पौष?"

मानत नव्हतोच. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशीच आमच्या घरातून मुहूर्त आणि पंचांग गेलं होतं. वडील कचेरीतले साधे बाबू, पण या बाबतीत कुणाचं ऐकून घेतील तर शपथ. आईने वाद सोडला. संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांत तणसावर भांडी रचली, गाद्या मेटाडोरवर बांधल्या आणि आम्ही निघालो. मला आणि धाकट्या भावाला तर मजाच वाटत होती.

सौंसरची खोली वडिलांच्या साहेबांनी ठरवून दिली होती. घरमालक भला दिसला. आईला बसायला खुर्ची दिली, आम्हाला पाणी दिलं. सामान उतरायला लागलं तसं त्याने सहज विचारलं, "बाबूजी, पौषात काऊन निघाले?"

"आम्ही मुहूर्त-बिहूर्त मानत नाही," वडील म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले.

मुहूर्त न मानणारा बाबू म्हणजे कोण, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. मालक हसला, आत गेला, बाहेर आला. म्हणाला, "माहा भाचा येऊन राहिला छिंदवाड्याहून. आता खबर आली. खोली त्यालेच लागते." आई खुर्चीवरून उठली. मालकाने खुर्ची आत नेली नाही, अंगणातच राहू दिली. तो भाचा सौंसरमध्ये कधीच कुणाला दिसला नाही. त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि वडिलांचाही येतो, हे जास्त वाईट.

पांढुर्ण्याचं घर रिकामं करून दिलेलं. वरून अवकाळी पाऊस सुरू झाला. मेटाडोरवाला कटकट करायला लागला. शेवटी लोधीखेड्याच्या रस्त्यावर संत्री भरायची एक टिनाची शेड मिळाली, तीन बाजूंनी बंद, चौथी उघडी. गाद्या भिजून गेल्या होत्या. शेकोटी पेटवली तर धुराने आईचा श्वास अडकायचा, विझवली तर थंडीने. ती पेटीला टेकून बसून राहायची, झोपता यायचं नाही. वडील रोज खोली शोधायला जायचे आणि परत यायचे. आईचे ओठ काळेनिळे पडले तेव्हा तीच उठली. म्हणाली, "आता मी येतो संग. तुमी बोलू नका."

त्या दिवशी जी खोली पाहिली तिची घरमालकीण म्हातारी होती. तिनेही तेच विचारलं. वडिलांनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "काय करता माय, सरकारची ऑर्डर. नाईतर पौषात कोण घर हालवते? जीव थाऱ्यावर नाही माहा."

"सरकारले कायचा पौष," म्हातारी कळवळली. आतून नारळ घेऊन आली. "उंबऱ्यावर फोड बाई, दोष जाते." आईने नारळ फोडला. दोनदा आपटावा लागला. आम्ही भावंडांनी खोबरं खाल्लं. वडिलांनी हात पुढे केला नाही.

खोली कोरडी होती, दाराला कडी होती. महिनाभरात आईचा श्वास मोकळा झाला.

पांढुर्ण्याला वडील रोज सकाळी खड्या आवाजात त्रिशरण म्हणायचे. त्या आवाजानेच आम्ही उठायचो. या घरात त्यांचे नुसते ओठ हलायला लागले.

"मोठ्यानं म्हणा ना," आई एकदा म्हणाली.

"भिंत पातळ हाय," ते म्हणाले.

पुढे मोहगावला आमचं स्वतःचं घर झालं, जाड भिंतींचं, शेजारही सगळा आपल्याच लोकांचा. वडील तिथेही ओठातच म्हणत राहिले. आई चुलीवरचा चहा उतरवून ठेवायची आणि दाराशी उभी राहून काही ऐकू येतं का ते पाहायची.