हिरवा ळ

घरात तिला सगळे ‘चौकोनी वहिनी’ म्हणायचे. कामच तसं होतं. जुन्या धाटणीच्या संगणकी खेळांसाठी ती पडद्यावरची अक्षरं घडवायची. बारीक चौकोन एकेक करून रंगवायचे आणि प्रत्येक अक्षर एकाच मापाच्या खोक्यात बसवायचं. किडकिडीत ‘र’ला जेवढी जागा, तेवढीच धिप्पाड ‘क्ष’ला.

“तुझ्या राज्यात कुणाचे लाड नाहीत गं,” सासूबाई हसायच्या.

तिला खरं छळलं ते ‘ळ’नं. इवल्याशा खोक्यात त्याचे दोन्ही डोळे बुजायचे. शेवटी तिनं एक डोळा खालून मोकळा सोडला आणि अक्षर एकदम बोलायला लागलं. ते तिनं फक्त धाकट्या दिराला दिलं. तो खेळ बनवत होता; निदान घरी तसं सांगत होता.

सासूबाईंना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी नेलं, त्या सकाळी दवाखान्यातल्या संगणकांचे सगळे पडदे काळे झाले. नर्सची पळापळ सुरू झाली. काळ्यावर हिरवी अक्षरं उमटली: ‘सगळं बंद. वेळ थोडा उरलाय. आम्ही म्हणू ते करा.’

‘ळ’चा एक डोळा खालून मोकळा होता.

जिन्यात जाऊन तिनं दिराला फोन लावला.

“भाऊजी, माझी अक्षरं दवाखान्याच्या पडद्यावर कशी आली?”

“कुठल्या दवाखान्याच्या?”

“आईंना आणलंय, त्या.”

“आईची तारीख पुढच्या आठवड्यात होती ना!”

“काल अचानक अलीकडे आली, तुम्ही घरी नव्हतात. थांबवा हे, तुमच्या पाया पडते.”

“माझ्या हातात नाही राहिलं, वहिनी. मी फक्त आत शिरायची वाट दाखवली, तुझी अक्षरं दिली. ती माणसं वेगळीच आहेत.” त्याचा आवाज खाली गेला. “तू काही पाहिलं नाहीस. त्यांना आपलं घर ठाऊक आहे.”

तिनं तिथूनच पोलिसांना कळवलं. दीर त्याच दिवशी पकडला गेला. सासूबाईंची शस्त्रक्रिया लांबली, पण निभावलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं नाही निभावलं. सासूबाई आता सुनेच्या हातचं पाणी घेतात, पण तिच्याशी चकार शब्द बोलत नाहीत.

परवा भर दुपारी नवरा मोबाइल घेऊन आला, चेहरा पांढराफटक. दुसऱ्या एका शहरात पाणीपुरवठ्याच्या संगणकांचे पडदे काळे पडले होते, आणि वर तीच हिरवी अक्षरं, ‘ळ’चा एक डोळा खालून मोकळा.

“हे तुझंच ना?”

दीर तर अजून कोठडीत होता. तिनं होकारार्थी मान हलवली आणि उठून दाराला आतून कडी घातली.