वीत्स्के बाईंच्या खोलीतली यिल्डाऊ

लीवार्डन शहरातल्या एका शाळेत हुशार मुलांची वेगळी तुकडी निघाली, तेव्हा त्यांच्या मनाची काळजी घ्यायला वीत्स्के होक्स्त्रा बाईंना नेमलं. मुख्याध्यापकांनी पालकांपुढे त्यांचं तोंडभरून कौतुक केलं आणि खोली दिली सायकल स्टँडमागची, कायम गारठलेली.

बाई मुलांना बोलतं करू बघायच्या. पण मुलं बिलंदर. काय उत्तर दिलं की बाईंचं समाधान होतं, हे त्यांना लगेच कळायचं. शेवटी बाईंनी विचारणंच सोडलं आणि सोंगट्यांचा पट मांडला. फाशापुढे डोकं चालत नाही.

त्या तुकडीतली यिल्डाऊ पहिल्यांदा हरली तेव्हा तिनं पट भिरकावून दिला. गणितात अर्धा गुण गेला तरी नखं रक्त येईपर्यंत कुरतडणारी पोर ती. बाईंनी सोंगट्या गोळा केल्या.

"पुन्हा खेळायचं?"

हिवाळा संपेस्तोवर ती हरून खिदळायला लागली.

"बाई, लबाड आहात तुम्ही! फासा मुद्दाम लोळवता."

"हरलीस ना? मग कर कुरकुर."

हे तिच्या बाबांच्या, सीब्रेनच्या कानावर गेलं. तो तडक मुख्याध्यापकांकडे आला. "देशभरातली स्पर्धा तोंडावर आलीय आणि माझी मुलगी इथे फासे टाकतेय?"

यिल्डाऊचं त्या खोलीत येणं बंद झालं. बाई मुख्याध्यापकांशी भांडायला गेल्या.

"सर, तिची नखं बघितलीत कधी?"

"बाई, नखं पुन्हा वाढतात. संधी पुन्हा येत नाही."

स्पर्धेत यिल्डाऊ दुसरी आली. शाळेनं दारावर तिचा मोठा फोटो लावला. जेवताना सीब्रेननं एवढंच विचारलं, "मग पहिलं कोण आलं?"

सोमवारी ती अंथरुणातून उठली नाही. नंतर शाळेतच आली नाही. बाई सायकल मारत तिच्या घरी जायच्या, आई दार किलकिलं करून म्हणायची, "झोपलीय हो." आत रेडिओ चालू असायचा.

पुढच्या वर्षी शाळेनं हुशार मुलांच्या मनःस्वास्थ्यावर मोठी परिषद भरवली. बाईंनी व्यासपीठावरून यिल्डाऊचं नाव घेतलं मात्र, मुख्याध्यापक हसत उठले आणि कॉफीची सुट्टी जाहीर केली. त्याच आठवड्यात बाईंनी नोकरी सोडली.

बऱ्याच वर्षांनी बाईंना शुक्रवारच्या बाजारात चीजच्या गाडीवर एक ओळखीचा चेहरा दिसला.

"यिल्डाऊ? बरं चाललंय ना गं?"

"हो बाई. इथे मला कुणी हुशार म्हणत नाही." तिनं चीज कापून तोललं. "बाबा येतात बाजारात. पण पलीकडच्या गल्लीनं जातात."

बाईंना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मागचं गिऱ्हाईक खोकलं. यिल्डाऊनं पुडकं त्यांच्या हातात दिलं आणि ती त्या माणसाकडे वळली.