अखाजीला नेलेली बंदूक

माझ्याकडे बंदुका आहेत असं म्हटलं की माणसं आधी खुर्ची मागे सरकवतात. मग मी सांगतो, की त्यातली एकही फुटत नाही. शाळा-कॉलेजांत कवायतीला वापरायच्या नकली बंदुका या. काही नुसत्या लाकडी, पत्र्याची नळी ठोकलेल्या. काही मात्र लढाईतल्या थ्री-नॉट-थ्रीची हुबेहूब नक्कल, वजनाला आणि मापाला तितक्याच, फक्त नळी भरीव. हे सांगितल्यावर लोकांना हायसं वाटतं आणि लगेच माझ्या डोक्याविषयी शंका येते. बायको तर सरळ म्हणायची, घरात माणसं कमी अन् फौज जास्त.

हा नाद ऐंशी सालानंतर लागला. मी धुळ्याला कचेरीत कारकून होतो, कामासाठी जळगावला जाणं व्हायचं. तिथे एका भंगारवाल्यानं ताडपत्री तोलून धरायला काठीऐवजी अशी एक बंदूक उभी केली होती. दस्ता तुटलेला, अंगभर गंज. मी जागच्या जागी उभा राहिलो. आमच्या गावच्या घरात एक फोटो होता, त्यात माझा थोरला भाऊ अगदी तशीच बंदूक धरून उभा होता.

भाऊ आधी केळीच्या मळ्यांत घड उतरवायचा; तो फौजेत गेला तेव्हा मी चड्डीतला पोर. पासष्टच्या लढाईत तो बेपत्ता झाल्याची तार आली. पुढे सरकारनं मृत समजावं असं कळवलं. सरकारनं समजलं, गावानं समजलं, आमच्या वडिलांनी समजलं आणि त्या दुखण्यातच ते गेले. माय मात्र समजायला तयार नव्हती.

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. पाण्यानं भरलेल्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आंबे ठेवतात. त्याआधी सकाळी उंबरा धुऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं आणि दर बोटाला घरातल्या एकेका गेलेल्याचं नाव घ्यायचं. माय आजेसासऱ्यांपासून सुरुवात करायची, वडिलांपाशी थांबायची आणि बोट पदराला पुसायची. गावातल्या अक्का-नाना मंडळींनी किती वर्षं समजावलं, की बाई, पोराचं बोट ओढ, तो तहानलेला राहतो. माय फोटोकडे हात करून म्हणायची, "त्यानाजोडे बंदूक शे. त्याले कोन मारी?"

खरं सांगायचं तर तिचं ते वाक्य मला आवडायचं. ती ते म्हणाली की घटकाभर मलाही भाऊ कुठेतरी चालत असल्यासारखा वाटायचा.

जळगावची ती बंदूक मी घरी आणली. त्यानंतर आणखी पुष्कळ आल्या, दुरुस्त झाल्या, भिंतीला लागल्या. पण ही पहिली मात्र वर्षानुवर्षं पुरी होईना. रॉकेलमध्ये भिजवून, विटेची पूड घासून गंज काढला. गोळी चढवायचा अडकलेला बोल्ट मोकळा केला. तुटलेल्या दस्त्याला सागाचा तुकडा जोडला, जवसाचं तेल चोळलं. तरी जोड उघडा दिसायचा. जुनं लाकूड काळंभोर आणि नवं उजळ. पॉलिशवाल्यांचे नाना रंग लावून पाहिले, सगळे पुसून काढले.

शेवटी युक्ती सुचली ती गावातच. आमचं गाव शिरपूरकडे, तापीकाठचं. केळीचे घड उतरवणाऱ्या माणसाचे कपडे पाहिलेत का कधी? चिकाचे डाग काळे पडतात आणि कपडा फाटला तरी जात नाहीत. मी कापणीच्या वेळी वाटीभर चीक धरून आणला आणि त्या तुकड्यावर हातावर हात दिले. तीन-चार दिवसांत जोड नाहीसा झाला. फोटोची एक प्रत माझ्याकडे होती, ती शेजारी धरून पाहिली. तीच बंदूक. मला रडू आलं, आणि लगेच वाटलं, हे मायला दाखवलंच पाहिजे.

अखाजीच्या आदल्या दिवशी ती गोधडीत गुंडाळून एसटीनं गावी नेली. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, गोधडीत कोणाला झोपवलंय?" सगळी गाडी हसली, मीही हसलो. मी फार आनंदात होतो.

माय ओसरीवर गहू निवडत होती. मी गोधडी सोडली. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि बंदूक मांडीवर घेतली. दस्त्यावरून हात फिरवताना बरोबर त्या जोडापाशी तिची बोटं थांबली.

"हाऊ केळना चीक शे ना?"

"व्हय."

"त्याना बठ्ठा सदरा असाच व्हतात," ती म्हणाली, आणि हसली. कित्येक वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, कशी चालवतात ही? मला तेवढंच हवं होतं. मी बोल्ट उचलून मागे ओढला, पुढे ढकलला, घोडा दाबला. टक वाजलं. पुन्हा बोल्ट ओढला. म्हटलं, "एक गोळी मारी का परत हाई वढनं पडस, मंग दुसरी."

"दर गोळीले?"

"दर गोळीले."

तिनं स्वतः ओढून पाहिला. शेतात राबलेले हात, पण म्हातारे. दोनदा जोर लावला तेव्हा बोल्ट सरकला.

"आन तवलोंग?" तोवर काय, असं तिनं विचारलं.

"तवलोंग काय?"

"तवलोंग समोरना काय करस?"

मी बंदूक तिच्या मांडीवरून उचलली. काहीतरी बोलायला हवं होतं. शिपाई एकटा नसतो, शेजारी दुसरे असतात, सरावानं हात भराभर चालतो. हे सगळं मला ठाऊक होतं, पण मी बंदूक पुन्हा गोधडीत गुंडाळत राहिलो. माय पुन्हा गहू निवडायला लागली.

सकाळी उंबरा तिनंच धुतला. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसलो होतो. आजेसासऱ्यांचं बोट ओढलं, सासऱ्यांचं ओढलं, वडिलांचं ओढलं. मी सवयीनं उठायला लागलो. तिनं बोट पदराला पुसलं नाही. पुन्हा कुंकवात बुडवलं आणि तसंच उंबऱ्यावर धरून राहिली. आयुष्यभर ही पूजा केलेली ती बाई माझ्याकडे पाहून मलाच विचारायला लागली.

"कोठे वढू रे? त्याना बापनाजोडे वढू का?"