पेटीजवळ कोणीतरी बसलं पाहिजे

विम्याची कल्पना आमच्या यांची. हे बालाघाटात विमा एजंट होते आणि माझ्या दादाची गायन पार्टी होती. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरच्या त्या वर्षांत आमच्या समाजात गावोगाव कार्यक्रम व्हायचे. दादा पेटी वाजवत गायचा, मी मागे कोरसला. पेटी वडिलांची. मँगनीजच्या खाणीतलं काम सुटताना त्यांनी ती घेतली होती आणि तिच्याशिवाय पार्टी म्हणजे नुसती आरडाओरड.

बैहरला दुसऱ्या एका पार्टीचा तबला सत्कार चालू असताना स्टेजवरून नाहीसा झाला. ते ऐकून हे दादाला म्हणाले, "कार्यक्रमात चोरी झाली तर भरपाई मिळेल, असा विमा काढू."

दादा हसला. "जावईबुवा, माणसाचा विमा मेल्यावर मिळते. पेटीचा काय गायल्यावर मिळन?"

पण काढला. कार्यक्रमात पार्टीचं कोणीतरी सतत पेटीजवळ बसलं पाहिजे, आणि चोरी झाली तर त्याच दिवशी पोलिसात कळवलं पाहिजे, अशा अटी होत्या. मला त्या रास्त वाटल्या. आजही वाटतात.

अडचण जेवणाची होती. कटंगीकडच्या गावांत पार्टीला एका पंगतीत जेवू घालत नसत. एका घरी एक, असा रिवाज. प्रत्येक घराला आपल्याकडे गाणारं माणूस जेवायला हवं असायचं, आणि नाही म्हटलं की ते घर वर्षभर रुसायचं. तिकडच्याच एका गावात दुपारी कार्यक्रम थांबला तसे आम्ही पांगलो. बरोबर आलेल्या यांनाही एका म्हाताऱ्यानं हात धरून नेलं. पेटीजवळ कोणी उरलं नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

परत आलो तर पेटी नाही.

"कोणी नेली असन," दादा म्हणाला. "येईन."

हे ऐकेनात. विम्याची पहिली अट मोडलीच होती, निदान दुसरी तरी पाळू, असं ते गावकऱ्यांसमोरच म्हणाले. मलाही ते पटलं. पोलीस चौकी शेजारच्याच गावात होती. आम्ही तिघं बैलगाडीनं गेलो.

दरोग्यानं विचारलं, "शक किस पर है?"

"किसी पर नहीं, साहब," दादा म्हणाला.

"शक नहीं तो रिपोर्ट किस बात की? घूमने आए हो?"

दादा माझ्याकडे पाहू लागला, मी जमिनीकडे. मग तो चाचरत म्हणाला की, जिथे जेवलो त्या घरच्या लेकाला पेटीची फार हौस दिसली, शिकवाल का म्हणून विचारत होता. एवढंच बोलला. दरोग्याला तेवढं पुरलं.

शिपाई आमच्याबरोबर आले. तो तरुण मंडपात सतरंज्या झटकत होता, नुकतं लग्न झालेला. शिपायानं काही न विचारता त्याच्या थोबाडीत मारली आणि मानेला धरून ओढलं. त्याची आई ओरडत धावली. "काहून मारून राह्यले? काय केलं त्यानं?" बायको दारातच उभी राहिली.

तेवढ्यात गल्लीतून दोघं जण पेटी खांद्यावर घेऊन आले. गावाच्या टोकाला लकवा झालेला एक म्हातारा होता. त्याला मंडपात येता येत नव्हतं म्हणून पेटी त्याच्या खाटेजवळ नेली होती. एक गाणं म्हणून परतायचं, तर म्हाताऱ्यानं आणखी म्हणायला लावलं. विचारायचं कोणाला, सगळे तर जेवायला गेलेले. आणि समाजाच्या गाण्याची पेटी, तिच्यासाठी विचारायचं तरी काय?

शिपाई निघून गेले. दादानं हात जोडले. तरुण गाल चोळत एवढंच म्हणाला, "पेटी आली ना?" आणि सतरंज्या झटकायला लागला.

उरलेला कार्यक्रम दादानं केला. सूर कुठे हलला नाही. टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्या गावानं बोलावणं धाडलं. दादा म्हणाला, "जाऊ. त्यायनं घरात घेतलं तं पुन्हा गाईन तिथं, नाही तं नाही." हे आले नाहीत. काम आहे म्हणाले. काम नव्हतं.

दुपारी माणसं आली आणि नेहमीसारखी एकेकाला घेऊन गेली. तबलजी गेला, कोरसच्या बाया गेल्या. मलाही एका घरचं बोलावणं आलं. मी मागून येते म्हणाले. दादाला कोणी बोलावलं नाही. तो पेटीजवळ बसून राहिला, विम्यात लिहिलं होतं अगदी तसा. पट्ट्यांवरची नसलेली धूळ धोतराच्या सोग्यानं पुसत होता.

बऱ्याच वेळानं त्या तरुणाची आई आली. दादाकडे न पाहता पेटीच्या पलीकडे बसली आणि पदर सारखा केला.

"घरी जाय. पोरगा जेवाचा थांबला हाय तुयासाठी."

दादा उठेना.

"पेटी पाहतो ना मी," ती म्हणाली. "का तुमच्या विम्यात आमी चालत नाही?"

दादा उठला. चपलाही न घालता तिच्या घराकडे गेला.

मी तिच्यासमोर बसले होते. चौकीत मी जमिनीकडे पाहत होते, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं, तरी मला तिच्याकडे पाहवेना. पेटी आमच्या मध्ये होती. दादा येईपर्यंत तिनं पेटीवरचा हात काढला नाही.

त्या वर्षी हे विम्याच्या हप्त्याचं विचारायला आले, तेव्हा दादानं त्यांना जेवायला वाढलं आणि विषय बदलला.