कुलपाच्या खोलीतला वाढदिवस

लेकीला तेरावं लागलं त्या रविवारी तिला सदर बाजारातल्या 'बंद खोली'च्या खेळाला जायचं होतं. एका दुकानावरच्या मजल्यावर खोलीत कोंडतात, कोडी सोडवत दाराचं कुलूप उघडून बाहेर यायचं. दोन मैत्रिणी येणार होत्या. नवरा, मी आणि लेक ऑटोतून उतरलो तोच एकीचा मेसेज आला, ताप आहे. दुसरी फोनच उचलेना.

"जाऊ या परत?" मी विचारलं.

"नहीं, तुम लोग चलो," ती म्हणाली. इथे हिंदी मुलखात वाढल्यामुळे आमच्या मराठीला ती हिंदीतच उत्तरं देते.

खेळ चालवणाऱ्या माणसाने आमचे फोन कपाटात ठेवून घेतले. नवरा रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहे, कधीही बोलावणं येतं. फोन देताना त्याचा चेहरा उतरला. माझं लक्ष मात्र लेकीकडे होतं. मैत्रिणी आल्या नाहीत तरी ती फारच उत्साहात होती, आणि त्याचीच मला धास्ती वाटत होती.

आत कोंदट होतं. बाहेरून दार लागल्याचा आवाज झाला. पहिला खण आधीच्या लोकांनी उघडाच टाकलेला. गुप्त अक्षरं दाखवणारी बॅटरी पेटेचना. तरी लेकीने भिंतीवरची चित्रं, घड्याळं सगळं ताडून आकडा काढला आणि दाराची किल्ली असलेल्या पेटीच्या कुलपाला लावला. कुलूप हललं नाही. तिने पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा, दात आवळून.

"नंबर सही है, आई."

"असू दे गं, दुसरं काही बघू."

"सही है!"

नवऱ्याने दार ठोठावलं. "भैया, खोलिए ज़रा!" स्पीकरवरून उत्तर आलं, "अंकल जी, अभी टाइम बाकी है." त्याने पुन्हा जोरात ठोठावलं, तेव्हा कुठे तो माणूस आला. कुलूप हातात घेऊन त्याने टेबलावर आपटलं. ते उघडलं.

"हाँ, ये अटक जाता है कभी-कभी. नंबर तो सही था."

पण तोवर वेळ संपला होता. फोटोसाठी त्याने 'हम हार गए'ची पाटी पुढे केली. लेक सरळ जिना उतरून गेली.

कपाटातले फोन घेऊन आम्ही तिच्यामागे उतरलो. नवऱ्याला एकही फोन आलेला नव्हता. लेकीने मात्र आपला फोन उघडून काहीतरी पाहिलं आणि लगेच पालथा धरला. ऑटोत मी हळूच विचारलं, "मैत्रिणींशी काही बिनसलंय का?"

"पता नहीं."

ते 'पता नहीं' मला रात्रभर झोपू देईना. सकाळी तिने उरलेल्या केकचे तीन तुकडे, एक स्वतःचा आणि दोन मैत्रिणींचे, डब्यात घातले आणि शाळेत नेले. दुपारभर मी खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होते.

आली ती भूक भूक करतच. डबा रिकामा होता.

"केक कोणी खाल्ला गं?"

"सबने," म्हणाली, आणि जेवायला बसली. खरंच का, असं न विचारता मी वाढत राहिले, तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत.